कमी पैशांत स्कूबाचे साहित्य: काय आधी घ्यावे, काय भाड्यानेच वापरावे आणि जुने घेताना काय तपासावे

स्कूबाचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स पूर्ण करून १८ मीटरपर्यंत उतरण्याचे कार्ड हातात पडले की पंधरवड्याच्या आत माणूस साहित्याच्या किमती शोधू लागतो आणि पहिल्याच संध्याकाळी हबकून जातो. मास्कपासून रेग्युलेटरपर्यंत (टाकीतली हवा श्वासासाठी तोंडापर्यंत आणणारे यंत्र) सगळा संच नवा घ्यायचा म्हटले, तर अगदी साध्या दर्जाच्या वस्तूंचा आकडाही सव्वा लाखाच्या आसपास सहज पोहोचतो. बहुतेक माल परदेशातून येत असल्यामुळे डॉलर आणि आयात शुल्क यांच्याबरोबर तो आकडा वरखाली होत राहतो. त्यामुळे पुढे दिलेल्या किमती अंदाजाच्या समजाव्यात. खरेदीचा क्रम मात्र किमतींवर फारसा अवलंबून नाही, आणि कमी पैशांत काम भागवायचे असेल तर आधी तो क्रमच ठरवावा लागतो.

आधी वर्षभराच्या डाइव्ह मोजा

भारतातल्या बहुतेक केंद्रांत डाइव्हच्या दरातच साहित्याचे भाडे धरलेले असते. अंदमानात असो, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला असो किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला, स्वतःचे साहित्य घेऊन गेलात तर काही ठिकाणी दरात थोडी सूट मिळते आणि काही ठिकाणी तीही मिळत नाही. म्हणजे युरोपातल्या डाइव्हरचा ‘भाड्याचे पैसे वाचतील’ हा हिशेब आपल्याकडे तसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याकडे स्वतःचे साहित्य घ्यायचे ते अंगाला नीट बसावे, त्याचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक असावा आणि पाण्याखाली आपले लक्ष साहित्याकडे न जाता माशांकडे जावे, म्हणून.

वर्षाला आठ डाइव्ह करणाऱ्या माणसाचे उदाहरण घेऊ. मे महिन्याच्या सुट्टीत चार आणि दिवाळीनंतर चार, असा बहुतेक नोकरदारांचा बेत असतो, कारण पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो आणि डाइव्हिंग बंद असते. अशा माणसाने रेग्युलेटर घेतला आणि त्याच्या वार्षिक सर्व्हिसला सुट्या भागांसह आठ हजार रुपये लागले, तर खरेदीची किंमत बाजूला ठेवली तरी प्रत्येक डाइव्हमागे एक हजार रुपये नुसत्या सर्व्हिसचे पडतात. त्यामुळे माझा ढोबळ नियम असा आहे की वर्षाला दहाच्या आत डाइव्ह होत असतील तर मास्क, खोली आणि वेळ सांगणारा मनगटावरचा कॉम्प्युटर आणि पृष्ठभागावर खूण करणारा फुगा एवढ्यावर थांबावे. दहा ते वीसच्या दरम्यान होत असतील तर पायांत घालायच्या फिन्स आणि सूट घ्यावा. रेग्युलेटर आणि बीसीडी (हवा भरून तरंगणे आवरायचे जॅकेट) यांचा विचार त्याच्या पुढे गेल्यावर करावा. ज्यांना भाड्याच्या रेग्युलेटरचे माउथपीस तोंडात धरणेच नकोसे वाटते, त्यांनी काहीशे रुपयांचे स्वतःचे माउथपीस घेऊन प्रत्येक वेळी केबल टायने बसवून घ्यावे. हा उपाय मी चार वर्षे केला आणि त्यात मला कमीपणा कधी वाटला नाही.

पहिली खरेदी मास्कचीच

अडीच ते पाच हजारांत उत्तम मास्क मिळतो आणि त्याहून महाग मास्क त्याहून कमी गळतो असे मुळीच नाही, कारण मास्क गळतो की नाही हे त्याच्या किमतीवर ठरत नसून आपल्या चेहऱ्याच्या ठेवणीवर ठरते. म्हणून ही एक वस्तू तरी दुकानात जाऊन, चेहऱ्याला लावून पाहूनच घ्यावी. पट्टा बाजूला सारावा, मान मागे टाकून छताकडे पाहावे आणि मास्क नुसता चेहऱ्यावर ठेवावा. सिलिकॉनची कड कपाळ, गाल आणि वरचा ओठ या सर्व ठिकाणी फट न ठेवता टेकते का, हे सोबतच्या माणसाला पाहायला सांगावे. मग नाकाने अगदी हलका श्वास आत घ्यावा. जोरात ओढून पाहण्यात अर्थ नाही, कारण जोरात ओढला तर कोणताही मास्क चिकटतो. यानंतर तोंडात स्नॉर्केल किंवा माउथपीस धरून हीच चाचणी पुन्हा करावी. दातांत माउथपीस धरला की गालांचा आकार बदलतो आणि आधी घट्ट बसलेला मास्क नेमका तेव्हा नाकाच्या बाजूने सैल पडू शकतो. दुकानात ही दुसरी चाचणी कोणीही करत नाही, आणि पुढे बोटीवर ‘मास्क खराब निघाला’ अशी तक्रार करतो.

मिशी असणाऱ्यांची अडचण वेगळी असते. नाकाखालच्या कडेला केस आले की तिथून थेंब थेंब पाणी आत येत राहते. त्यासाठी व्हॅसलीन थापू नये, ते सिलिकॉनला चांगले नसते. नाकपुड्यांना लागून मिशीची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी काढून टाकली तर गळती बरीच कमी होते, आणि मिशी तर जागेवर राहतेच. तेवढीही काढायची नसेल तर शुद्ध सिलिकॉन ग्रीसचे एक बोट तिथे लावावे. नाकात चमकी घालणाऱ्या स्त्रियांनी कान मोकळे करण्यासाठी नाक दाबताना ती टोचते का हे दुकानातच पाहावे. नाकाची पिशवी मऊ आणि मोठी असलेला मास्क त्यांना अधिक सोयीचा पडतो.

चष्मा असेल तर दोन भिंगांचा मास्क घ्यावा, कारण त्यातल्या काही मॉडेलमध्ये अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या फरकाने तयार भिंगे बसवता येतात. पाण्याखाली वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे एकाच्या आतला उणे नंबर असणाऱ्यांचे साध्या मास्कवरही भागते. काच टेम्पर्ड असल्याचे तिच्यावर लिहिलेले असावे. पूर्ण चेहरा झाकणारे स्नॉर्केलिंगचे मास्क स्कूबासाठी चालत नाहीत, कारण त्यांत नाक दाबून कान मोकळे करता येत नाहीत.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर राहिलेला असतो आणि तो काढला नाही तर कितीही थुंकी लावली तरी काच धुरकटतच राहते. साधी पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन आतल्या बाजूने दोन-तीन मिनिटे चोळावी, रात्रभर तशीच ठेवावी, सकाळी धुवावी आणि हे दोन-तीन वेळा करावे. काचेवर आधीच विशेष लेप असेल तर मात्र टूथपेस्ट लावू नये.

दुसरी खरेदी कॉम्प्युटरची, बीसीडीची नव्हे

हातात थोडे पैसे आले की नवशिक्या डाइव्हरची नजर पहिल्यांदा बीसीडीकडे जाते, कारण ती घातली की माणूस डाइव्हर दिसतो. मला तरी हा क्रम उलटा वाटतो. भाड्याची बीसीडी आपले काम करते, पण केंद्रांत पाहुण्यांना कॉम्प्युटर मिळतोच असे नाही. पुष्कळदा संपूर्ण गट गाइडच्या मनगटावरच्या कॉम्प्युटरवर चालतो. गाइड १५ मीटरवर असताना तुम्ही कासवाच्या मागे १८ मीटरवर गेलात, तर तुमच्या शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचा हिशेब त्याच्या कॉम्प्युटरला ठाऊक नसतो. स्वतःची खोली, वेळ आणि वर येण्याचा वेग सांगणारे यंत्र स्वतःच्या मनगटावर हवे.

क्रेसी लिओनार्डो किंवा मारेस पक यांसारखी साधी, मोठ्या आकड्यांची मॉडेल २० ते ३० हजारांच्या आसपास मिळतात आणि मनोरंजनासाठी उतरणाऱ्याला तेवढी पुरतात. रंगीत पडदा, टाकीतला दाब दाखवणारा ट्रान्समीटर आणि होकायंत्र या गोष्टी कमी बजेटमध्ये सोडून द्याव्यात. सेल मात्र घरच्या घरी बदलता येतो का, हे जरूर विचारावे. सेल बदलण्यासाठी जो कॉम्प्युटर कंपनीकडे पाठवावा लागतो, तो ऐन सहलीच्या आठवड्यात बंद पडला की वर्षातली एकमेव सहल त्याच्याशिवाय होते. जुना कॉम्प्युटर घेत असाल तर सेलचे झाकण उघडायला सांगावे. आतल्या स्प्रिंगवर हिरवे किंवा पांढरे डाग दिसले तर आत पाणी शिरून गेले आहे असे समजावे आणि किंमत विचारण्याचीही तसदी घेऊ नये. डाग नसतील तर तो ओल्या बोटांनी किंवा पाण्याच्या भांड्यात आपोआप सुरू होतो का पाहावे आणि लॉगमधल्या डाइव्हची संख्या विकणाऱ्याच्या बोलण्याशी ताडून घ्यावी. पहिल्या डाइव्हला तो गाइडच्या कॉम्प्युटरशेजारी धरून दोन्हींची खोली जुळते का हेही पाहावे.

याच टप्प्यावर एसएमबी, म्हणजे पाण्याखालून वर सोडायचा नारिंगी फुगा, आणि १५ ते ३० मीटर दोरीचे स्पूल घ्यावे. दोन्ही मिळून तीन-चार हजारांत येतात. आपल्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्यांची ये-जा असते आणि प्रवाहात गट बोटीपासून लांब वाहून गेला तर लाटांमध्ये काळे डोके तांडेलाला दिसत नाही, फुगा दिसतो. तो सोडण्याचा सराव मात्र आधी इन्स्ट्रक्टरसोबत करावा. दोरी बीसीडीला अडकली तर फुगा माणसालाही वर ओढून नेतो.

फिन्स आणि सूट

अंदमान आणि कोकणच्या पाण्याचे तापमान हंगामात साधारण २७ ते ३० अंश असते आणि बहुतेक डाइव्ह बोटीवरून होतात. अशा पाण्यात बुटाशिवाय घालायच्या बंद टाचेच्या फिन्स चांगल्या चालतात आणि त्या पट्ट्याच्या फिन्सपेक्षा स्वस्तही असतात, कारण बुटांचा वेगळा खर्च येत नाही. त्या पाय ओले करून घालून पाहाव्यात. बोटे पुढे दुमडत नसतील आणि टाच हाताने ओढूनही सुटत नसेल तर माप बरोबर आहे. खेळाच्या मोठ्या दुकानात मिळणाऱ्या स्नॉर्केलिंगच्या आखूड, लवचीक फिन्स पाठीवर टाकी असताना पुरेसा जोर देत नाहीत. जुन्या फिन्स निर्धास्तपणे घ्याव्यात. त्यांत बिघडण्यासारखे काही नसते, फक्त पावलाच्या खोबणीत चीर गेलेली नसावी.

सूटच्या बाबतीत तीन मिलिमीटरपेक्षा जाड काही आपल्याकडे लागत नाही, आणि एकच डाइव्ह करून वर येणाऱ्याला लायक्राचा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड व लांब लेगिंग्ज एवढेही जेलीफिशपासून बचावाला पुरते. जुना वेटसूट बोटांच्या चिमटीत दाबून सोडावा. निओप्रीन लगेच फुगून पूर्ववत झाले नाही तर त्यातले बुडबुडे चेपले गेलेले आहेत आणि तो उब देणार नाही. चेन तुटलेली असेल तर शिंप्याकडून बदलता येते, तेवढ्यासाठी चांगला सूट सोडू नये.

रेग्युलेटर: नवा की जुना

टाकीतला सुमारे २०० बारचा दाब रेग्युलेटरची टाकीवर बसणारी फर्स्ट स्टेज आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक इतका खाली आणते आणि तोंडातली सेकंड स्टेज तो श्वासापुरता करते. ऑक्टोपस (सोबत्यासाठीची जादा सेकंड स्टेज) आणि दाबमापक यांसह साधा नवा संच ४० ते ६० हजारांच्या घरात जातो. विक्रेता यावेळी महागड्या संतुलित आणि थंड पाण्यासाठी बंदिस्त केलेल्या फर्स्ट स्टेजबद्दल बरेच सांगतो. यातली बंदिस्त रचना मुख्यतः १० अंशांखालच्या पाण्यात बर्फ धरू नये यासाठी असते. तिच्यामुळे मीठ आणि गाळही बाहेर राहतो हे खरे, पण नेत्राणीच्या कोमट पाण्यासाठी तिच्यापायी जास्तीचे दहा-पंधरा हजार मोजावेत असे मला वाटत नाही. साधी असंतुलित पिस्टन फर्स्ट स्टेज, उदाहरणार्थ स्कूबाप्रोची एमके टू, कमी भागांची, दणकट आणि सर्व्हिसला स्वस्त असते. टाकी रिकामी होत आली की तिच्यातून श्वास किंचित जड लागतो, पण तोवर वर यायची वेळ झालेलीच असते.

जुना रेग्युलेटर घेण्याची हौस मी एकदा पुरवून घेतली आहे. सोळा हजारांना संच मिळाला, विकणाऱ्याने ‘मागच्याच वर्षी सर्व्हिस केली आहे’ असे सांगितले आणि पावती मागितली तेव्हा ती ‘घर बदलताना हरवली’. तंत्रज्ञाने तो उघडून समोर ठेवला तेव्हा आतला फिल्टर शेवाळासारखा हिरवा होता. दोन्ही स्टेज आणि ऑक्टोपस यांच्या सुट्या भागांचे किट, दोन नव्या होझ (हवेच्या नळ्या) आणि मजुरी मिळून साडेचौदा हजार रुपये गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो प्रकार. शिवाय तो येईपर्यंत एक हंगामही हातचा गेला. तेव्हापासून जुन्या संचाची किंमत ठरवताना मी सर्व्हिसचा पूर्ण खर्च आधीच धरतो. तो खर्च मिळवूनही एकूण रक्कम नव्याच्या साठ टक्क्यांच्या आत राहत असेल तरच पुढे बोलतो.

पाहणी सुरू करण्यापूर्वी दोन फोन करावेत. पहिला सर्व्हिस करणाऱ्या तंत्रज्ञाला: या मॉडेलचे किट मिळते का आणि किती खर्च येईल. भारतात अशी माणसे मोजक्याच ठिकाणी आहेत, त्यामुळे ज्या कंपनीचे काम आपल्या आवाक्यातला तंत्रज्ञ करत नाही ती कंपनी कितीही नावाजलेली असली तरी आपल्यासाठी नाही. दुसरा फोन आपल्या नेहमीच्या केंद्राला: तपासणीसाठी पाच मिनिटे भरलेली टाकी मिळेल का. फर्स्ट स्टेजची जोडणी योक पद्धतीची (टाकीवर शिकंज्यासारखी आवळायची) आहे की डिन (आट्यांनी फिरवून बसवायची), हेही फोनवरच विचारावे. आपल्याकडे पाहुण्यांच्या टाक्यांवर मुख्यतः योकच असतो. युरोपातून आलेले जुने संच बहुधा डिन असतात आणि त्यांना वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष पाहणीत सर्वांत आधी फर्स्ट स्टेजची धूळटोपी काढावी आणि हवा आत शिरते त्या तोंडात मोबाइलचा उजेड पाडावा. तिथे धातूच्या बारीक कणांची दाबून केलेली नखाएवढी चकती दिसते, तोच फिल्टर. तो चकचकीत, स्वच्छ धातूच्या रंगाचा असावा. हिरवट असेल तर खारे पाणी आत शिरून पितळ गंजू लागले आहे. तांबूस असेल तर पोलादी टाकीतला गंज आला आहे. काळपट असेल तर कॉम्प्रेसरमधले तेल किंवा कोळशाची भुकटी आली आहे. पांढरी-करडी भुकटी दिसली तर ती ॲल्युमिनियमच्या टाकीतली असते. रंग वेगळा दिसला की संच टाकाऊ झाला असे नाही, पण उघडल्यावर आत काय निघेल याची खात्री राहत नाही आणि घासाघीस तिथून सुरू व्हावी.

त्यानंतर टोपी परत घट्ट बसवून, हवेची जोडणी नसताना, सेकंड स्टेज तोंडात धरून हळूच श्वास ओढावा. काहीच आत येता कामा नये. हवा येत असेल तर पडदा किंवा बाहेर टाकणारी झडप गळते आहे आणि पाण्याखाली तिथून पाणी येईल. ऑक्टोपसचीही हीच चाचणी घ्यावी, त्याला लोक विसरतात. प्रत्येक होझ धातूच्या टोकाजवळ वाकवून बारीक भेगा पाहाव्यात आणि रबरी बाही असेल तर ती सरकवून खाली पाहावे, कारण खरा गंज तिच्या आडच असतो. बाहेरून विणलेल्या हलक्या होझ जुन्या असतील तर त्या बदलण्याचा खर्च धरावा. त्यातल्या काही आतून खराब होऊन त्यांत साचलेले स्फटिक सेकंड स्टेजपर्यंत येतात, आणि हे बाहेरून दिसत नाही. दाबमापकाचा काटा जोडणी नसताना शून्यावर टेकलेला हवा.

मग टाकी जोडावी. दाबमापकाची काच कोणाच्याही चेहऱ्याकडे नसेल अशी धरून झडप सावकाश उघडावी. तोंडातून दहा-बारा श्वास घ्यावेत, दोन-चार वेळा पर्जचे, म्हणजे हवा थेट सोडणारे, बटन दाबावे आणि मग संच हात न लावता पाच ते दहा मिनिटे तसाच ठेवावा. ही वाट पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. फर्स्ट स्टेजची आतली बैठक झिजलेली असेल तर मधला, म्हणजे दोन स्टेजमधल्या होझमधला, दाब हळूहळू चढत जातो आणि तीन-चार मिनिटांनी सेकंड स्टेजमधून बारीक सुस्कारा ऐकू येतो. पहिल्या मिनिटाला सर्व काही शांत होते म्हणून पैसे मोजणारा माणूस हाच दोष घरी नेतो. सगळे जोड बादलीभर पाण्यात बुडवून बुडबुडे पाहावेत. शेवटी झडप बंद करून काटा पाच मिनिटे हलतो का पाहावे.

इतके करूनही घेतलेला जुना संच समुद्रात नेण्यापूर्वी सर्व्हिस करून घ्यावा. व्हिडिओ पाहून रेग्युलेटर घरी उघडू नये. होझच्या टोकाचा ओ-रिंग (रबरी कडे) बदलणे जमण्यासारखे असते, पण आतली बैठक बसवून मधला दाब मापून घेणे हे अवजारे आणि प्रशिक्षण असलेल्याचेच काम आहे.

बीसीडी जुनी चालते

बीसीडी कपाटात जास्त आणि पाण्यात कमी राहिलेली असते, म्हणून वापरलेल्या बीसीडीत बऱ्याचदा चांगला सौदा मिळतो. तिला जादा दाबाच्या झडपेतून हवा सुटेपर्यंत फुगवून रात्रभर ठेवावे. सकाळी ती टणक असावी. उलटी करून हलवली आणि आत वाळूसारखा आवाज आला तर ते वाळलेले मीठ आहे, म्हणजे मालकाने ती आतून कधी धुतलेली नाही. इन्फ्लेटरला (बीसीडी फुगवायचे बटन असलेल्या भागाला) हवेची होझ जोडून बटनाला हात न लावता पाहत राहावे. आपोआप फुगत असेल तर हा दोष किरकोळ समजू नये, कारण पाण्याखाली हेच झाले तर माणूस बुचासारखा वर फेकला जातो. खाली उतरण्यासाठी वजन म्हणून लागणारे शिसे ठेवायचे कप्पे सोबत आहेत का, हे विचारायला विसरू नये. एक कप्पा हरवला असेल आणि मॉडेल बंद झालेले असेल तर तो मिळवताना नाकी नऊ येतात. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोच सामान नेता येते, म्हणून वजनही करून पाहावे.

जे घेऊच नये

टाकी घेऊ नये. प्रचलित ११ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी रिकामीच सुमारे १४ किलोची असते, भरायला कॉम्प्रेसर लागतो, विमानाने नेणे कटकटीचे असते आणि अशा सिलेंडरची आयात व वापर गॅस सिलेंडर नियम, २०१६ प्रमाणे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या परवानगीच्या कक्षेत येतो. कोणी परदेशातली जुनी टाकी फुकट दिली तरी नाकारावी. १९९० च्या आधीच्या काही टाक्या ६३५१ या मिश्रधातूच्या असून त्यांच्या मानेशी तडे जाण्याचा धोका माहीत झालेला आहे. शिसेही केंद्रावरच मिळते.

समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींत दिसणाऱ्या हातपंपाने भरायच्या अर्ध्या लिटरच्या छोट्या टाक्यांबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण ‘कमी बजेट’ म्हटले की लोक तिकडेच वळतात. अर्धा लिटर गुणिले २०० बार म्हणजे १०० लिटर हवा. मिनिटाला २० लिटर धरले तर पृष्ठभागावर पाच मिनिटे आणि १० मीटरवर, जिथे दाब दुप्पट असतो, जेमतेम अडीच मिनिटे. ती संपल्यावर घाबरलेला माणूस श्वास रोखून वर धावतो, आणि दाबाखालची हवा फुप्फुसात कोंडून वर येण्यासाठी दीड मीटरची खोलीही इजा व्हायला पुरेशी असते.

कुठे आणि केव्हा

हंगाम संपताना, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, काही केंद्रे आपला भाड्याचा साठा बदलतात. हे साहित्य भरपूर वापरलेले असले तरी त्याची सर्व्हिस कोणी आणि कधी केली हे विचारता येते आणि विकणारा उद्या भेटणारा असतो, म्हणून अनोळखी जाहिरातीपेक्षा मला ते बरे वाटते. थायलंडला जाणारे बँकॉक किंवा को ताओच्या दुकानांत खरेदी करतात. तिथे निवड मोठी असते आणि घालून पाहता येते. परतताना पावत्या जवळ ठेवाव्यात. २०१६ च्या बॅगेज नियमांत करमुक्त सामानाची मर्यादा ५०,००० रुपये होती. ही मर्यादा बदलते, तेव्हा निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर ताजा आकडा पाहावा. वॉरंटी भारतात चालेल का, हे मात्र दुकानातच लेखी विचारावे. चार मित्र एकत्र डाइव्ह करत असतील तर ओ-रिंग, मास्कचे पट्टे, माउथपीस, केबल टाय आणि पाना यांची एकच पेटी चौघांत मिळून करावी.

घरी आणल्यावर

मुंबई-कोकणच्या दमट हवेत साहित्य समुद्रापेक्षा कपाटात लवकर खराब होते. प्रत्येक सहलीनंतर सर्व काही गोड्या पाण्यात बुडवावे. फर्स्ट स्टेजची धूळटोपी आधी कोरडी करून घट्ट लावावी आणि धुताना पर्जचे बटन अजिबात दाबू नये, नाहीतर पाणी होझमधून थेट फर्स्ट स्टेजमध्ये उतरते. बीसीडीत पाणी भरून, खळखळून, उलटी धरून काढून टाकावे आणि थोडी हवा भरून सावलीत टांगावी. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी ठेवताना माउथपीसवर जाळीची पिशवी बांधावी. झुरळांना सेकंड स्टेजची अंधारी पोकळी फार आवडते, आणि ते ऑक्टोबरमध्ये पहिल्या श्वासाबरोबर कळणे काही सुखाचे नाही. कॉम्प्युटरचा सेल सहलीच्या आठवडाभर आधी पाहावा, आदल्या रात्री पाहू नये.

नवे साहित्य पहिल्यांदा वापरायचे ते तलावात किंवा पाच-सहा मीटरच्या उथळ पाण्यात, आणि एका वेळी एकच नवी वस्तू. सूट किंवा बीसीडी बदलली की लागणारे शिसेही बदलते. तलावातला आकडा समुद्रात चालत नाही, कारण खारे पाणी माणसाला अधिक वर उचलते आणि साहित्यासह शंभर किलो भरणाऱ्या डाइव्हरला सुमारे अडीच किलो शिसे जास्त लागते. शिवाय ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होताना दोनेक किलोंनी हलकी होते. म्हणून खरे माप डाइव्हच्या शेवटी, टाकीत ५० बार उरलेले असताना घ्यावे: बीसीडी पूर्ण रिकामी करून पाच मीटरवर स्थिर राहता आले पाहिजे. ते जमले की किती किलो शिसे, कोणता सूट आणि कोणती टाकी हे बोटीवर परत येताच लॉगबुकात लिहून टाकावे. सहा महिन्यांनी दुसऱ्या केंद्रावरचा मुलगा ‘किती वेट लावू?’ असे विचारेल तेव्हा पान उघडून आकडा सांगता येतो.